पाण्याचा पीएच ठीक आहे, मग कुंडीतला अनंत पिवळा का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या उपनगरात गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. अनंत, जास्वंद, मोगरा आणि कागदी लिंबू यांची नवी पानं पिवळी निघतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पाणी सोसायटीच्या बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. पेनासारख्या मीटरवर पाण्याचा पीएच ७.४ येतो, म्हणजे फार वाईट नाही. तरी दहा लिटरच्या बादलीत एक चमचा व्हिनेगर घालते, महिन्यातून एकदा हिराकस देते, कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं घालते. पावसाळ्यात झाडं आपोआप सुधारतात आणि फेब्रुवारीनंतर पुन्हा तेच. पाणी तपासून आणलं तर रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट ६.४ लिहिलंय. याचा अर्थ काय आणि करायचं काय?

ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, आणि ते दोन ठिकाणी आहे. एक त्या ६.४ मध्ये. दुसरं तुमच्या पावसाळ्याच्या निरीक्षणात. ७.४ हा आकडा मात्र बाजूला ठेवा. गेली सत्तावीस वर्षं रोपवाटिका चालवताना मी सगळ्यात जास्त झाडं कशाने गमावली असतील, तर पाण्याचा पीएच बघून निर्धास्त राहिल्याने. सुरुवातीच्या वर्षांत पिटुनियाची हजारभर रोपं पिवळी पडून वाया गेली. मी कधी नत्र कमी म्हणून युरिया देत होतो, कधी बुरशी म्हणून औषध ओतत होतो. पाण्याकडे लक्षच गेलं नाही, कारण पीएच ७.१ होता.

आधी शब्दांचा घोळ मिटवू या. पीएचला आपण सामू म्हणतो. अल्कलिनिटीला पुस्तकांत क्षारता असा शब्द सापडतो, पण माती-पाण्याच्या रिपोर्टमध्ये ‘क्षारता’ हा शब्द बहुतेक वेळा ईसीसाठी, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी वापरलेला असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या एका शब्दामुळे कित्येकांनी चुकीचा आकडा वाचलाय. म्हणून मी सरळ अल्कलिनिटीच म्हणतो.

सामू म्हणजे पाणी या क्षणी किती आम्ल किंवा विम्ल आहे, एवढंच. अल्कलिनिटी म्हणजे ते पाणी किती आम्ल पचवू शकतं याचं माप. वाटीभर गरम पाणी आणि बंबभर गरम पाणी यांचं तापमान सारखं असू शकतं. वाटीत पेलाभर गार पाणी ओतलं की ते लगेच कोमट होतं, बंबाला त्याचा पत्ताही लागत नाही. सामू हे तापमान, आणि अल्कलिनिटी म्हणजे समोर वाटी आहे की बंब, हा प्रश्न. हे स्वतः पाहायचं असेल तर एका ग्लासात आरओचं पाणी घ्या, दुसऱ्यात बोअरचं. दोन्हींत लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका आणि मीटर बुडवा. आरओच्या पाण्याचा सामू धाडकन खाली येईल, बोअरचा जेमतेम हलेल. तुमच्या मुळांच्या बाबतीत रोज हेच घडतंय. मुळं स्वतः थोडं आम्ल सोडतात, शेणखत कुजताना आम्ल तयार होतं, काही खतं आम्ल देतात, आणि बोअरचं पाणी ते सगळं गिळून टाकतं.

हे गिळणारं द्रव्य म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं, खालच्या काळ्या बेसाल्ट खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवतं, आणि त्या व्यवहारात बायकार्बोनेट पाण्यात उरतं. म्हणून दख्खनच्या पठारावरच्या विहिरी-बोअरचं पाणी बहुधा कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या जातीचं असतं. खडकवासल्याच्या धरणातून येणारं नळाचं पाणी त्या मानाने मऊ, कारण ते घाटमाथ्यावर पडून थेट वाहत आलेलं, खडकात मुरलेलं नाही. एकाच शहरात दोन मैत्रिणींची बाग इतकी वेगळी का, याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

एक गंमत सांगतो, जी मला समजायला वेळ लागला. बोअरचं ताजं पाणी मोजलं तर सामू ७.१ किंवा ७.२ येतो. तेच पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी मोजा, ८ च्या आसपास जातो. पाण्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो म्हणून सामू चढतो. अल्कलिनिटी मात्र होती तेवढीच राहते. ‘पाणी रात्रभर ठेवून मग घाला’ हा सल्ला क्लोरीनसाठी ठीक आहे, पण आपल्या दुखण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता तुमच्या ६.४ कडे येऊ. हा आकडा मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर या मापात आहे. शेतीच्या प्रयोगशाळा असंच लिहितात. पिण्याच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये तीच गोष्ट कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये असते. १ मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे ५० मिलीग्रॅम. तेव्हा तुमची अल्कलिनिटी ६.४ गुणिले ५०, म्हणजे ३२० मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही पसंतीची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला तुमचं पाणी काही भयंकर नाही. कुंडीचं गणित वेगळं आहे. कुंडीत १०० पर्यंत मला काळजी वाटत नाही, १५० च्या वर गेलं की लक्ष ठेवतो, २०० च्या वर काहीतरी करावंच लागतं. रोपांच्या ट्रेमध्ये, जिथे एका खोबणीत चमचाभर माध्यम असतं, तिथे तर ८० ते १०० च्या वर नकोच.

जमिनीत आणि कुंडीत हा फरक का? जमिनीतल्या झाडाला मुळं पसरायला जागा असते आणि पावसाळाभर माती धुतली जाते. आठ इंची कुंडीत चार-पाच लिटर मिश्रण. उन्हाळ्यात रोज अर्धा लिटर पाणी धरा. ३२० च्या हिशोबाने रोज १६० मिलीग्रॅम चुनखडीइतकी अल्कलिनिटी आत गेली. वर्षभर असंच चाललं तर ५८ ग्रॅम. थोडं खालून वाहून जातं हे खरं, तरी दर वर्षी कुंडीत मूठभर चुनखडीची पूड टाकण्यासारखंच हे आहे. स्वतःच्या हाताने अनंताच्या कुंडीत चुनखडी घालाल का? पाणी रोज तेच करतंय. कुंडीच्या काठावर आणि मातीच्या तोंडावर दिसणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. गीझरच्या कॉइलवर बसतो तोही हाच.

आणि म्हणूनच पावसाळ्यात झाडं सुधारतात. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसतेच. जून ते सप्टेंबर बोअरचं पाणी बंद, वरून रोज धुणं. मिश्रणाचा सामू खाली सरकतो, नवी पानं हिरवी येतात. ऑक्टोबरपासून पुन्हा बोअर सुरू होतं, हळूहळू साठत जातं. फेब्रुवारीपासून ऊन वाढतं, पाणी दुप्पट लागतं, तिकडे बोअरची पातळीही खाली गेलेली असते. मार्चमध्ये पानं पिवळी. तुम्ही हे चक्र नेमकं टिपलंय, आणि माझ्या मते कुठल्याही मीटरपेक्षा ते जास्त सांगून जातं.

पानं पिवळी पडतात ती लोह मिळत नाही म्हणून. मातीत लोह नाही असं नव्हे. आपल्या मातीत लोह भरपूर आहे, पण सामू एका अंकाने वाढला की विरघळलेलं लोह साधारण हजारपटीने घटतं. कुंडीतल्या बहुतेक झाडांना मिश्रणाचा सामू ५.५ ते ६.५ मध्ये मानवतो. तो ७.५ ला पोचला की लोह समोर असून मुळांना उचलता येत नाही. लोह झाडात जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज सरकत नाही, म्हणून फटका शेंड्याला बसतो: पान पिवळं, शिरा हिरव्या, फार झालं तर पान पांढरट. उसाची कोवळी पानं अशी झाली की आमच्याकडे ‘केवडा पडला’ म्हणतात. खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. जुनी पानं सरसकट फिकी होत असतील तर नत्राचा. तुमच्याकडे नवी पानं आहेत, तेव्हा लोहच. तरी कुंडी एकदा तिरकी करून खालची भोकं मोकळी आहेत ना आणि मुळं पांढरी, टणक आहेत ना एवढं बघा. सडलेल्या मुळांनाही लोह उचलता येत नाही आणि पान अगदी असंच दिसतं. त्यावर आम्ल ओतून काही होत नाही.

आता तुमच्या उपायांकडे. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हेच उपाय मी घरोघरी पाहतो.

व्हिनेगरपासून सुरू करू. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. ५ मिलीचा एक चमचा दहा लिटरमध्ये घातला तर तुमच्या ६.४ पैकी जेमतेम ०.३ जागचं हलतं. म्हणजे शंभरातले पाच. अल्कलिनिटी शंभरच्या आसपास आणायची तर त्याच बादलीला ७० मिली व्हिनेगर लागेल. आणि त्यातही एक मेख आहे. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, ताक ही सगळी सेंद्रिय आम्लं. ती बादलीतलं बायकार्बोनेट मोडतात हे खरं. पण मागे उरलेले त्यांचे क्षार, म्हणजे ॲसिटेट, सायट्रेट, लॅक्टेट, मातीतले जिवाणू खातात आणि ते खाताना बायकार्बोनेट पुन्हा तयार होतं. दारातून काढलेला पाहुणा खिडकीतून परत. मी सायट्रिक ॲसिड अजिबात वापरू नका असं म्हणत नाही. पानांवर फवारायच्या पाण्यासाठी ते उत्तम आहे, आणि घरात ठेवायला सुरक्षित आहे. दहा लिटर पाण्यातली १०० मिलीग्रॅम अल्कलिनिटी उतरवायला साधारण २ ग्रॅम लागतं. पण वर्षानुवर्षं कुंडीत ओतून मिश्रणाचा सामू कायमचा खाली येईल अशी आशा त्याच्याकडून ठेवू नका. चहाचा चोथा आणि कॉफीची पूड यांची तर ताकदच नाही. खत म्हणून, माती भुसभुशीत राहावी म्हणून जरूर घाला.

अंड्याची टरफलं बंद करा, आणि चुलीची किंवा धुनीची राख घालत असाल तर तीही. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचाच तर तुमच्याकडे सुकाळ आहे. मुंबईत तलावांचं मऊ पाणी वापरणाऱ्या किंवा कोकणात जांभ्याच्या लाल मातीत बाग करणाऱ्या माणसाला तोच सल्ला उपयोगी पडू शकतो, कारण तिथे सामू घसरण्याची भीती असते. मऊ पाणी, कोकोपीट आणि वर अमोनियमची खतं असं जुळून आलं तर सामू ५ च्याही खाली जातो, आणि मग झेंडूसारखं झाड गरजेपेक्षा जास्त लोह-मँगनीज उचलतं, पानांवर तांबूस ठिपके पडतात, कडा जळतात. तिथे चिमूटभर डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेली चुनखडी, हे औषध. तुमच्याकडे तेच विष. बागकामाचा सल्ला ऐकताना सांगणाऱ्याच्या नळाला कुठलं पाणी येतं हे आधी विचारावं, ही माझी कळकळीची विनंती.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. तुमच्या कुंडीतल्या सामूला ते मातीत गेल्या गेल्या गंजून बसतं आणि झाडाला फारसं मिळत नाही. थोडंसं आम्ल देतं एवढाच त्याचा फायदा, आणि फरशीवर डाग पडतात ते वेगळेच. पानांवर फवारलं तर ते लागू पडतं: लिटरला ५ ग्रॅम हिराकस, त्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळच्या वेळी. आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघा.

मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह द्या, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून एका सेंद्रिय रेणूने (चिलेटने) धरून ठेवलेलं लोह, पण कुठलं चिलेट हे पुडक्यावर वाचून. सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं ईडीटीए. ते सामू साधारण ६.५ च्या वर गेला की लोह सोडून देतं. डीटीपीए ७.५ पर्यंत तग धरतं. ईडीडीएचए ९ पर्यंतही टिकतं. ते गडद लालसर-तपकिरी असतं, पाण्यात घातलं की पाणी लालभडक होतं. महाग आहे, पण तुमच्या कुंड्यांना आत्ता तेच लागेल. ६ टक्के लोह असलेलं ईडीडीएचए दहा लिटरला ४ ग्रॅम, आठ-दहा इंची कुंडीला अर्धा लिटर, माती आधी ओली असताना. पानांवर सांडलं तर लगेच धुऊन टाका, डाग पडतात. दोन-तीन आठवड्यांत शेंड्याचं नवं पान हिरवं यायला लागेल. हा तापावरचा क्रोसिन आहे, आजार पाण्यात आहे.

तेव्हा पाण्याबद्दल. सोसायटीने पाणी मऊ करायचं यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, बसवलं असेल तर त्याचं पाणी कुंड्यांना अजिबात नको. ते यंत्र कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतं आणि त्याच्या जागी सोडियम देतं. नळावर पांढरे डाग पडत नाहीत म्हणून सगळे खूश असतात. पण बायकार्बोनेटला ते हातही लावत नाही. अल्कलिनिटी तीच, वर सोडियमची भर. यंत्राच्या आधीच्या नळाचं पाणी मागून घ्या. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना सोडियमचं हे दुःख निसर्गानेच दिलंय, आपण ते पैसे देऊन विकत घेऊ नये.

दुसरं, आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी. ते फेकवत नाही, म्हणून अनेक घरांत कुंड्यांना जातं. भावना चांगली आहे. पण एक लिटर शुद्ध पाणी देऊन यंत्र तीन लिटर बाहेर टाकत असेल, तर चार लिटरमधले क्षार त्या तीन लिटरमध्ये आलेले असतात. म्हणजे तुमचं ३२० तिथे ४२० च्या आसपास झालं. ते पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा.

याच्या उलट, आरओचं शुद्ध पाणी, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आणि पावसाचं पाणी या तिन्हींत अल्कलिनिटी नगण्य असते. एक भाग बोअर आणि दोन भाग यांपैकी कुठलंही मिसळलं की ३२० चं ११० होतं. कुठलं आम्ल नको, मोजमाप नको, भीती नको. चाळीस कुंड्यांना हे परवडणार नाही, पण तुमच्या खऱ्या नाजूक कुंड्या किती? अनंत, लिंबू आणि असल्यास सोनचाफा, एक्झोरा, अझेलिया, ब्लूबेरी. पाच-सहा कुंड्यांना दिवसाला तीन लिटर. ते जमतं. उन्हाळ्यात एसी चालतो तेव्हाच गरज जास्त असते, हा योगही चांगला. पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर दहा चौरस मीटर पत्र्यावर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा लिटर. सप्टेंबरअखेर दोन ड्रम भरून झाकून ठेवले तर दिवाळीपर्यंतची सोय होते. पहिल्या पावसाचं पाणी तेवढं सोडून द्या, त्यात पत्र्यावरची धूळ असते.

बाकीच्या कुंड्यांचं काय? तिथे खताकडून काम करून घ्यायचं. अमोनियम सल्फेट हे सगळ्यात आम्लकारी खतांपैकी एक. १ ग्रॅम खत साधारण १.१ ग्रॅम चुनखडी मारतं. लिटरला १ ग्रॅम, कुंडीला अर्धा लिटर, पंधरा दिवसांतून एकदा, माती ओली असताना. आता प्रामाणिक हिशोब करू: पंधरा दिवसांत तुमच्या पाण्याने कुंडीत सुमारे २.४ ग्रॅम चुनखडीइतका भार टाकला आणि खताने त्यातला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास उचलला. म्हणजे पाव हिस्साही नाही. म्हणून जास्त द्यावं असा मोह होतो, पण तसं करू नका. नत्र जास्त होऊन मुळं जळतील, आणि जास्वंदीला पानांचा माज येऊन फुलं थांबतील.

उरलेला भार गंधकाने उचलायचा. १ ग्रॅम गंधक ३.१ ग्रॅम चुनखडी मारतं. मातीतले थायोबॅसिलस जातीचे जिवाणू गंधकाचं हळूहळू आम्ल करतात, त्याला उबदारपणा आणि ओलावा लागतो, महिना-दीड महिना जातो. भुरी रोगासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक मिळतं, ते बारीक असल्याने चांगलं चालतं. आठ इंची कुंडीला ३ ग्रॅम, वरच्या इंचभर मातीत मिसळून, दोन महिन्यांतून एकदा, पावसाळ्याचे महिने सोडून. ज्या कुंडीला मिसळलेलं मऊ पाणी देताय तिला गंधक नको. दोन्ही केलं तर सामू पाताळात जाईल.

खतांच्या दुकानात १७:४४:०० नावाचं विद्राव्य खत मिळतं, म्हणजे युरिया फॉस्फेट. आमच्या नाशिककडचे द्राक्षवाले फवारणीच्या पाण्याचा सामू उतरवायला तेच वापरतात. पांढरी पूड असते, बाटलीतल्या आम्लापेक्षा हाताळायला सोपी, आणि याचं आम्ल सायट्रिकसारखं परत फिरत नाही. दहा लिटरला दीड ग्रॅम घातलं की अल्कलिनिटी ५० ने उतरते. त्याहून जास्त घालू नका, कारण प्रत्येक ५० बरोबर लिटरमागे ३० मिलीग्रॅम स्फुरद जातं. रोजच्या रोज एवढं स्फुरद साठलं तर ते स्वतःच लोह अडवतं. आठवड्यातून दोनदा पुरे.

मी रोपवाटिकेत काय करतो हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. मी सल्फ्युरिक ॲसिड वापरतो, डोझिंग पंपाने. तीव्र ॲसिडच्या २८ मिलीत हजार लिटरच्या टाकीतली ५० मिलीग्रॅम अल्कलिनिटी जाते, इतकं ते ताकदवान आहे. आणि म्हणूनच घरी, गच्चीवर, जिथे मुलं फिरतात, तिथे ते आणू नका. बॅटरीचं ॲसिड नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. संडास धुवायचं तर नकोच, ते हायड्रोक्लोरिक असतं आणि पाण्यात क्लोराइड वाढवतं. मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांनी हातमोजे, चष्मा घालून, नेहमी पाण्यात ॲसिड ओतावं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि अल्कलिनिटी शून्यावर आणू नये. ६० ते ८० ठेवावी. तेवढी असली की सामू स्थिर राहतो. सगळी मारली तर एका चुकीच्या खताने सामू कोसळतो.

मोजायचं कसं, हे शेवटी पण महत्त्वाचं. अल्कलिनिटीसाठी प्रयोगशाळेत दरवेळी जायची गरज नाही. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात केएच टेस्ट किट मिळतं, केएच म्हणजे आपली अल्कलिनिटीच. बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्यात थेंब टाकत जायचं, रंग निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं. अशा किटमध्ये एक थेंब म्हणजे १७.९ मिलीग्रॅम. तुमच्या पाण्याला साधारण १८ थेंब लागतील. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये मोजा, आणि टँकर बदलला की पुन्हा मोजा, कारण प्रत्येक टँकर वेगळ्या विहिरीचा असतो.

पीएचचा पेन फेकू नका. तो पाण्यासाठी नाही, कुंडीतून निथळलेल्या पाण्यासाठी वापरा. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा. मग खाली स्वच्छ बशी ठेवून वरून शंभर-दीडशे मिली आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी हळूच ओता. पहिलं ५० मिली जे खाली येईल ते मुळांच्या भोवतीचं पाणी. त्याचा सामू मोजा. ६.५ च्या आत असेल तर झाड सुखात आहे, ७ च्या वर असेल तर उपाय चालू ठेवा, ५.५ च्या खाली आलं तर गंधक आणि अमोनियम सल्फेट थांबवा. मोजण्याआधी पेन ६.८६ आणि ४ च्या बफर पुडीत जुळवून घ्या, नाहीतर तो जे सांगेल ते खरं मानावं लागेल. काचेचं टोक कोरडं पडू देऊ नका. मातीत खुपसायचे, बॅटरी नसलेले तीन दांड्यांचे मीटर मिळतात, त्यांच्यावर मी कधीच निर्णय घेतलेला नाही.

एका जागी मात्र उपायांची वाट बघू नका. तुमच्या अनंताची माती तीन-चार वर्षांची असेल तर तिच्यात इतका चुना बसलाय की गंधकाने तो उतरवायला वर्ष जाईल. पावसाची सर स्थिरावली की, जूनच्या अखेरीस, कुंडी बदला. मुळांचा बाहेरचा तिसरा हिस्सा हलक्या हाताने मोकळा करा, नवं मिश्रण कोकोपीट, शेणखत आणि मिळाली तर जांभ्याची लाल माती असं घ्या. चुनखडीचे पांढरे खडे दिसणारी काळी माती नको. सिमेंटची नवी कुंडीही नको, ती स्वतःच चुना सोडते. मातीची किंवा प्लास्टिकची घ्या.

बोगनवेल, अडेनियम, कोरफड, तुळस यांच्यासाठी यातलं काही करायची गरज नाही. ती बोअरच्या पाण्यावर निवांत जगतात, तुमचा वेळ आणि एसीचं पाणी त्यांच्यावर घालवू नका. जास्वंद आणि मोगरा मधले आहेत. खत आणि गंधक एवढ्यावर ते सावरतील.

आज जी पानं पिवळी आहेत त्यांतली बरीचशी तशीच राहतील, काही थोडी हिरवी होतील. ती तोडू नका, अजूनही थोडंफार अन्न करतात. चिलेट दिलं त्या दिवशी प्रत्येक झाडाच्या एका शेंड्याला रंगीत दोरा बांधून ठेवा आणि दोऱ्याच्या वर फुटणाऱ्या पानाचाच रंग बघा. तीन आठवड्यांनी ते पान आणि निथळलेल्या पाण्याचा सामू, दोन्ही मला कळवा. लिंबाच्या कुंडीचं आधी कळवा, कारण त्यात टरफलं सगळ्यात जास्त गेली असणार.